कुठं निघालीस?

गिरणीत दळण टाकून लगेच घरी परतणाऱ्या बायका आणि दळण होईपर्यंत तिथंच बसून राहणाऱ्या बायका, असे दोन प्रकार माझ्या लहानपणी कऱ्हाडात होते. आमच्या शेजारच्या काकू दुसऱ्या प्रकारातल्या. गव्हाचा मोठा डबा त्यांच्या कमरेवर आणि ज्वारीचा छोटा माझ्या हातात, अशी आमची स्वारी निघायची. गिरणीवाला भुवयांपासून पायाच्या नखांपर्यंत पांढरा. पट्ट्याची फटफट आणि चाकीची घरघर एवढी, की एकमेकांशी बोलायचं तरी ओरडून. "ठेवून जा की वहिनी, झालं की पोरगं लावून देतो," तो सांगायचा. काकूंचं उत्तर ठरलेलं, "नको. तुम्ही हरभऱ्यावर टाकाल. माझं गव्हावरच पडलं पाहिजे." आणि त्या भिंतीकडच्या बाकावर बसायच्या. गहू कशावर पडतोय याची काळजी त्यांना नव्हती असं नाही, पण बसल्यावर त्यांची नजर चाकीकडे नसायचीच. ती रस्त्यावर असायची. जाणारी येणारी माणसं, टपालवाल्याची सायकल, रसाच्या गाड्यावर लटकवलेली घंटी, असलं काहीबाही त्या बघत बसायच्या.

गरम पिठाचा डबा कमरेला चटके देत असतानाही आम्ही सरळ घरी जायचो नाही. गिरणीपासून आमचा वाडा हाकेच्या अंतरावर. पण काकू उलट्या दिशेला वळायच्या, घाटाकडे. कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन जिथं भेटतात तिथं वरच्या पायरीवर डबा टेकवायचा आणि बसायचं. पाण्यात पाय सोडायचे नाहीत, देवळात जायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. नुसतं बसायचं. मग पदर झटकून उठायचं आणि घरी जाऊन सांगायचं की रांग फार होती, नाहीतर लाईट गेली होती.

एकदा मी कंटाळून विचारलं, "काकू, आपण इथं कशाला येतो?"

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. रागावल्या नव्हत्या. "तू पण?" एवढंच म्हणाल्या.

ते दोन शब्द मला कळायला पुढं स्वतःचं लग्न व्हावं लागलं.

काका वाईट होते असं कुणीच म्हणालं नसतं. मीही म्हणणार नाही. दारू नाही, तंबाखू नाही, काकूंवर कधी हात उगारल्याचं ऐकलं नाही. उलट सगळ्या आळीत त्यांचं उदाहरण दिलं जायचं. मंडईतून भाजी तेच आणायचे, "तुला कशाला उन्हात तंगडतोड." किराणा त्यांनीच आणायचा, साड्याही तेच आणायचे, बांगड्या भरायला कासार घरी यायचा आणि ताप आला तर डॉक्टर. बायकोला उंबरठ्याबाहेर पडायचं एकेक कारण त्यांनी मायेनं उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतलं होतं. पीठ उडून कपडे खराब होतात म्हणून गिरणी तेवढी राहिली होती. आणि तरीही काकूंनी डबा उचलला की झोपाळ्यावरून प्रश्न यायचा, "कुठं निघालीस?" त्यामागून, "आज कशाला? परवाच नेलं होतंस ना?" आणि शेवटी, "किती वेळ लागेल?" आवाज कधी चढायचा नाही. चढला असता तर काकूंना निदान रडता तरी आलं असतं, असं मला आता वाटतं.

छळाच्या गोष्टी सांगायला सोप्या असतात. वळ दाखवता येतात, माहेरी चिठ्ठी धाडता येते, शेजारणी बाजू घेतात. पण ज्या बाईला दोन वेळचं मानानं मिळतं आणि फक्त प्रत्येक पावलाचा हिशेब द्यावा लागतो, तिनं काय म्हणून गाऱ्हाणं मांडायचं? तिला हवं असतं तेही सांगण्याजोगं नसतं. तिला कुठं जायचं नसतं. पळून जायचं नसतं, दुसरा पुरुष नको असतो, फार शिकायचंही नसतं कधी कधी. कशाला ते न सांगता निघावं आणि आल्यावर कुणी विचारू नये, एवढंच. आणि हे मागायचं तर त्यालाही कारण द्यावं लागतं.

म्हणून आपल्याकडच्या बायका कारणं सांभाळायला शिकल्या. पाणी, धुणं, सरपण ही तर रोजची. वटपौर्णिमेला सात जन्म हाच नवरा मिळो म्हणून फेऱ्या घालायच्या, पण तेवढ्यासाठी या जन्मीच्या नवऱ्याच्या नजरेआड दोन तास मिळत. नागपंचमीला झोके, मंगळागौरीला रात्रभर जागरण आणि धिंगाणा, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरची हळदीकुंकवं. आमच्या सणांची मांडणी कुणी केली माहीत नाही, पण तिच्यात कुठंतरी एखाद्या धूर्त आजीचा हात असणार. माहेरी जायचं तर तिकडून मूळ यावं लागे, मुराळी म्हणून भाऊ दारात उभा राहावा लागे. जिथं जन्मली त्या घरीसुद्धा तिनं आपण होऊन, मनात आलं म्हणून जायचं नाही. कुणीतरी न्यायला यायचं आणि कुणीतरी पाठवायचं. जाणारी सोडून बाकी सगळे ठरवणार.

गिरण्या नव्हत्या तेव्हा जातं होतं. पहाटेच्या अंधारात, घर झोपलेलं असताना बाई जात्यावर बसायची. आवाज लागायचा तो तिच्या एकटीचा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांपासून सुरुवात करून महाराष्ट्रभरच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एक लाख! एवढं बोलायचं साठलं होतं, आणि ते नवऱ्याला नाही तर दगडाला सांगितलं गेलं. सासरचा जाच, भावाची वाट, आईची सय, पंढरीची वाट. बाई खुंटा धरून बसल्या जागी कुठल्या कुठं जाऊन यायची, आणि घरच्यांना वाटायचं ती पीठ काढतेय. मग गिरणी आली. खांदे सुटले, पहाटेची झोप वाढली आणि ओवी बंद पडली. ओवी गेल्याबद्दल हळहळणारे लेख मी पुष्कळ वाचले आहेत. ते बहुधा अशांनी लिहिलेले असतात ज्यांना पायली पायली दळायला कुणी बसवलं नव्हतं. गिरणीनं बाईकडून गाणं घेतलं आणि त्याच्या बदल्यात रस्ता दिला. मला विचाराल तर सौदा वाईट नव्हता.

काकू ज्या घाटावर बसायच्या त्याच कृष्णाकाठची सखूची गोष्ट. कऱ्हाडच्या पोरांना ती शाळेच्या आधी कळते. सखूही पाण्यालाच गेली होती. घागर घेऊन नदीवर आली आणि पंढरपूरला निघालेली दिंडी दिसली. घागर तिथंच टाकून ती निघाली. शेजारणीनं चहाडी केली, सासरच्यांनी ओढत आणून खांबाला बांधलं. मग विठ्ठल बाईचं रूप घेऊन आला, तिचे दोर सोडले, तिच्या जागी स्वतःला बांधून घेतलं, आणि सखू पंढरीला गेली.

लहानपणी ही गोष्ट ऐकताना डोळ्यांत पाणी यायचं. आता मी तिच्यातल्या भलत्याच जागी अडकते. देवाला चमत्कारच करायचा होता तर सासूची बुद्धी पालटता आली असती, नवऱ्याचे हात बांधता आले असते. तसलं काही त्यानं केलं नाही. तो बदलीवर आला. कारण गोष्ट रचणाऱ्यांनाही हे पक्कं माहीत होतं की सखू गेली तर जाऊ दे, पण चूल कोण पेटवणार हा प्रश्न देवालाही टाळता येणार नाही. पुढं दोर सोडल्यावर त्यानं पाणी भरलं, दळलं, रांधलं, वाढलं, सासूसासऱ्यांचे पाय चेपले. घरचे खूश झाले. आणि नवऱ्यानं ओळखलं नाही. हे मला फार भयंकर वाटतं. बायको गेली, तिच्या जागी साक्षात परब्रह्म आलं, आणि त्या माणसाला जेवणाची चव बदलल्यापलीकडे काही जाणवलं नाही. तिकडे सखूनं पंढरपुरात प्राण सोडला तेव्हा रुक्मिणीला घोर पडला की आता आपला नवरा कायमचा त्या घरात अडकणार. तिनं सखूला पुन्हा जिवंत केलं आणि परत पाठवलं. एका बाईला सुट्टी मिळाली तर तिची पाळी दुसरीच्या नवऱ्यावर आली, आणि हिशेब शेवटी दोघी बायकांनीच मिटवला.

या गोष्टीवर प्रभातनं १९४१ साली 'संत सखू' हा चित्रपट काढला. सखू झाल्या होत्या हंसा वाडकर. त्यांचं 'सांगत्ये ऐका' हे आत्मकथन १९७० साली पुस्तक म्हणून आलं आणि मराठी घरांत ते बराच काळ पुठ्ठा घालून वाचलं गेलं. मीही तसंच वाचलं. पडद्यावर खांबाला बांधून घेणाऱ्या या बाईंची खरी गोष्ट उलटीच होती. त्यांना घरात कुणी डांबलं नव्हतं, त्यांना घरात राहू दिलं नव्हतं. कामं थांबवावीत, संसार करावा, मुलं व्हावीत असं त्यांना वाटे, आणि नवऱ्याला त्यांची कमाई हवी होती. कमाईही हवी आणि संशयही घ्यायचा. रोज स्टुडिओत जाणारी, शेकडो लोकांत वावरणारी, नाव आणि पैसा असलेली ही बाई काकूंपेक्षा मोकळी होती का? एकदा त्या निघाल्याच. मराठवाड्यातल्या एका जमीनदाराबरोबर त्याच्या गावी गेल्या, आणि तिथं त्यांना उंबरठा ओलांडायची बंदी झाली. शेवटी सुटकेसाठी निरोप धाडावा लागला तो नवऱ्यालाच. श्याम बेनेगल यांनी या आत्मकथनावरून 'भूमिका' केला, १९७७ मध्ये. त्यात स्मिता पाटील एका घरातून दुसऱ्या घरात जाते आणि प्रत्येक घराचं दार तेवढंच जड निघतं. बाहेर पडणं म्हणजे मोकळं होणं नव्हे, हे ज्यांना पुस्तकातून कळलं त्यांत मी आहे. हंसाबाईंना ते जगून कळलं.

पुरुषांच्या जाण्याची गोष्ट मात्र आपल्याकडे कुणाला गोष्टच वाटत नाही. तुकारामांच्या शिष्या बहिणाबाई एका वासराला घेऊन कीर्तनाला गेल्या, लोक त्यांना मान द्यायला लागले, म्हणून नवऱ्यानं त्यांना बांधून मारलं. बहिणाबाईंनी ते स्वतः सांगून ठेवलं आहे. आणि तोच नवरा पुढं वैतागून घर सोडून तीर्थाटनाला निघायची तयारी करतो, तेव्हा त्याला विचारणारं कुणी नसतं. 'स्मृतिचित्रे' वाचताना लक्ष्मीबाई टिळकांच्या विनोदाला आपण हसत राहतो, पण त्या हसण्याखाली त्यांच्या नवऱ्याचं, कवी टिळकांचं, न सांगता निघून जाणं सतत चालू असतं. मनात आलं की टिळक निघाले. कुठं, कधी परतणार, बाईला पत्ता नाही. त्या थोर कवीबद्दल मला आदर आहे. पण लक्ष्मीबाईंनी एकदा जरी तसं केलं असतं तर त्यावर कविता झाली नसती, बोभाटा झाला असता.

माझ्या घरात मला कुणी अडवलं नाही. मी नोकरी केली, पगार माझ्या नावावर जमा झाला, नवरा समजूतदार मिळाला. तरी संध्याकाळी पायात चपला सरकवताना तोंडातून आपोआप निघतं, "जरा बँकेत जाऊन येते हं." कुणी विचारलेलं नसतं. नवरा पेपरातून डोकंही वर काढत नाही. बँकही त्या वेळी बंद असते! काकूंची रांग आणि काकूंची गेलेली लाईट माझ्या जिभेवर कुणी ठेवली कोण जाणे. आईनं ठेवली नाही हे नक्की, कारण ती बाहेर जातानाच देवाचं नाव घ्यायची आणि देवाची कुणी उलटतपासणी करत नाही. माझ्या सुनेच्या पिढीत कारणं द्यावी लागत नाहीत म्हणतात. पण तिच्या फोनमध्ये ती या घटकेला कुठं आहे ते घरच्या सगळ्यांना नकाशावर दिसतं. सुरक्षिततेसाठी. काकाही उन्हापासूनच जपत होते.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. तेव्हापासून स्टँडवर एक नवीन दृश्य दिसतं. दुपारच्या, एरवी रिकाम्या जाणाऱ्या गाड्यांत बायका बसलेल्या असतात. दोघी तिघी मैत्रिणी, कधी एकटी, हातात फारसं सामान नाही. कऱ्हाडहून सातारा, साताऱ्याहून वाई. पुरुष प्रवासी कुरकुरतात, "स्वस्त झालं म्हणून उगीच हिंडतात नुसत्या." मला हे ऐकायला फार बरं वाटतं. उगीच हिंडण्याची चैन आपल्या बायकांना कधी परवडत होती? एकदा माझ्या शेजारच्या सीटवर एक पंचावन्न-साठीच्या बाई होत्या. शेतावरचे हातपाय, कपाळभर कुंकू, पिशवीत पाण्याची बाटली आणि शेंगांची पुडी. कोण आजारी आहे का, लग्न आहे का, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी शेंगा खाल्ल्या आणि गप्प बसले. कंडक्टर आला. त्यानं विचारलं, "कुठं?" बाईंनी गाव सांगितलं, त्यानं तिकीट फाडलं. कशाला ते त्यानं विचारलं नाही. ते विचारायचा त्याला अधिकारच नाही. नवऱ्यापेक्षा कंडक्टर बरा म्हणायची ही वेळ.

कोर्टाला मात्र तो अधिकार आहे, आणि कोर्टानं तो एका मराठी मुलीवर वापरला होता. रखमाबाई. अकराव्या वर्षी त्यांचं लग्न दादाजी भिकाजींशी लागलं. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडे मुंबईत त्या राहिल्या, वाचत राहिल्या, आणि नवऱ्याकडे नांदायला गेल्याच नाहीत. १८८४ साली दादाजींनी पत्नीचा ताबा मिळावा म्हणून दावा लावला. मला या खटल्यात राहून राहून एका गोष्टीचं नवल वाटतं. रखमाबाईंकडे दाखवायला वळ नव्हते. त्या कधी त्या घरात राहिल्याच नव्हत्या, तर छळ कुठून आणणार? त्यांचं म्हणणं एवढंच होतं की लग्न लागलं तेव्हा मी लहान होते, मला कुणी विचारलं नव्हतं, आणि आता मला जायचं नाही. वीस-बावीस वर्षांच्या मुलीनं, गिरणीचा डबा हातात न घेता, रांगेची थाप न मारता, भर कोर्टात हे म्हणायचं. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये त्यांच्या बाजूनं निकाल दिला. केवढा गदारोळ झाला! 'केसरी'नं हिंदू धर्म बुडत असल्याची हाकाटी केली. प्रकरण अपिलात गेलं, परत खाली आलं, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं, महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाते.

घरापेक्षा तुरुंग बरा, हे म्हणण्यात आवेश असेल असं लहानपणी वाटायचं. आता वाटतं तो सरळ हिशेब होता. तुरुंगाला मुदत असते.

त्यांना तुरुंगात जावं लागलं नाही. १८८८ मध्ये तडजोड झाली, दादाजींना दोन हजार रुपये मिळाले आणि रखमाबाई सुटल्या. दोन हजारांत त्या काळी काय काय येत असेल! पुढच्या वर्षी त्या लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या, सुरत आणि राजकोटला बायकांवर उपचार करत त्यांनी आयुष्य काढलं. १९०४ साली दादाजी वारले तेव्हा त्यांनी विधवेची पांढरी वस्त्रं घातली असं त्यांच्या चरित्रांत येतं. जे लग्न कोर्टात नाकारलं त्याचं वैधव्य त्यांनी का स्वीकारलं, यावर अभ्यासकांचे तर्क आहेत. मला त्यांना तो प्रश्न विचारावासा वाटत नाही. त्यांना आयुष्यात "कशाला" पुरेसं विचारून झालं होतं.

२५ सप्टेंबर १९५५ ला रखमाबाई गेल्या, नव्वदी ओलांडून. त्याच वर्षीच्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा लागू झाला होता. घटस्फोट मिळाला, दुसऱ्या लग्नाला बंदी आली, पुष्कळ चांगलं झालं. त्याच कायद्यात नववं कलम आहे. नवरा किंवा बायको, दोघांपैकी कुणी वाजवी कारणाशिवाय दुसऱ्यापासून दूर झालं, तर दुसऱ्याला सहवास परत मिळावा म्हणून कोर्टात जाता येतं. आता कुणाला तुरुंगात धाडत नाहीत, मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. १९८३ मध्ये आंध्र प्रदेशच्या उच्च न्यायालयानं हे कलम घटनाबाह्य ठरवलं, आणि पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं ते कलम वैध ठरवलं. ते अजून कायद्यात आहे. १९७६ साली त्याला एक स्पष्टीकरण जोडलं गेलं, तेही आहे. कारण वाजवी होतं की नाही असा प्रश्न आला, तर ते सिद्ध करायची जबाबदारी निघून गेलेल्यावर असते.